अडकलेलं आमेन

त्या चर्चमध्ये मूर्ती नव्हती, चित्र नव्हतं, खिडक्यांना रंगीत काचा नव्हत्या. मेणबत्त्या होत्या, पण त्या फक्त वीज गेल्यावर लावायच्या. भिंतींना पांढरा चुना आणि समोर एक लाकडी क्रूस, तोही इतका साधा की सुतार काम अर्धवट टाकून जेवायला गेला असावा असं वाटे. मंडळीला याचा केवढा अभिमान! पाहुणा आला की त्याला हाताला धरून चारी बाजूंनी फिरवायचे आणि सांगायचे, "बघा, आमच्याकडे काही म्हणजे काही नाही." काही नसल्याचा एवढा तोरा दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट होती. दातांच्या डॉक्टरांची लांब प्रार्थना.

उपासनेच्या मध्यावर, पाळकसाहेबांच्या उपदेशाआधी, सगळ्या मंडळीच्या वतीने एकाने उभं राहून लांब प्रार्थना करायची अशी तिथली पद्धत. पूर्वी चर्चमधले जुनेजाणते ती पाळीपाळीने करत आणि चार वाक्यांत उरकून खाली बसत. मग एकदा दातांच्या डॉक्टरांची पाळी आली, आणि ती पुढे कधी संपलीच नाही. आवाज असा की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही पोचावा. त्यात पहाटेचं दव यायचं, समुद्राची भरती यायची, आंधळ्याच्या काठीची टकटक यायची, विधवेच्या चुलीतला धूर तर इतका यायचा की बायकांच्या डोळ्यांतून खरंच पाणी काढायचा. लोक प्रार्थनेआधी रुमाल हातात काढून ठेवायचे. पाळकसाहेब नंतर उपदेश करत, पण तो आपला जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा.

होता होता लोकांनी घरी प्रार्थना करणंच सोडलं. "आपण काय बोलणार? तोंड उघडलं की नुसतं दे, दे आणि दे. डॉक्टर कसं मांडतात!" असं म्हणून ते आपापल्या अडचणी घेऊन दवाखान्यात यायला लागले. "डॉक्टर, माझ्या बदलीचं या रविवारी जरा घाला ना मध्ये." डॉक्टर घालत. मात्र बदली म्हणून नाही, "परक्या वाटेवर टाकलेलं पाऊल" म्हणून. बदली झाली तर लोक डॉक्टरांना भेटून आभार मानत. नाही झाली तर देवाची इच्छा.

आता यात डॉक्टरांचा सगळाच दोष होता असं नाही. धंदाच तसा. दिवसभर समोर माणूस आडवा, त्याचं तोंड उघडं आणि तोंडात डॉक्टरांचे दोन्ही हात. "काय, मुलगा काय म्हणतो?" डॉक्टर विचारायचे. "आ," पेशंट म्हणायचा. "वा, छान छान," डॉक्टर म्हणायचे आणि पुढची दाढ बघायचे. मुलगा बरा असला तरी "आ", घर सोडून गेला असला तरी "आ". इतकी वर्षं हे चालल्यावर माणसाची सवयच जाते समोरच्याकडून उत्तराची वाट बघायची. देवाशीही त्यांचं तसंच चालायचं. आपणच बोलायचं, देवाच्या वतीने आपणच समाधान पावायचं आणि आपणच आमेन म्हणून मोकळं व्हायचं.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत. बाईंना जास्तीचं काही खपत नसे, मग ते गणितात असो की प्रार्थनेत. "अहो," त्या एकदा म्हणाल्या, "देवाला एवढी विशेषणं लागतात का?"

"अगं, स्तुती आहे ती!"

"मग आता पुरे झाली असेल त्याला."

डॉक्टर हसले आणि त्याच रविवारी त्यांनी तीन विशेषणं वाढवली.

आणि हो, एक नियम सांगायचा राहिला. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे आणि आमेन ऐकू येईपर्यंत उघडायचे नाहीत. त्या चर्चमध्ये हा नियम लहान मुलंसुद्धा मोडत नसत. एकदा लांब प्रार्थना चालू असताना दानाची थैली मांजराने ओढत बाहेर नेली. ओढल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, बघितलं कोणीच नाही. डोळे उघडे असत ते फक्त डॉक्टरांचे. तेही पूर्ण नाही, एकच डोळा, बारीकसा. रुमाल कुठवर पोचले ते बघायला.

या प्रार्थनेपायी डॉक्टरांची एकुलती एक लेक घरातून गेली होती.

म्हणजे भांडून, आदळआपट करून नाही. झालं असं की तिचं लग्न ठरलं होतं आणि मोडलं. कसं मोडलं, कोणी मोडलं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. बुधवारी मोडलं आणि रविवारी डॉक्टर प्रार्थनेला उभे राहिले. त्यांच्या काळजाला खरंच घरं पडली होती, ते खोटं नव्हे. पण काळजाचं दुःख तोंडाशी आलं की त्याचं काहीतरी होऊन जायचं, तसं त्या दिवशी झालं. "आमच्यातल्याच एका कोवळ्या कळीला, हे प्रभो, निर्दय हाताने खुडून धुळीत टाकलं," अशी सुरुवात झाली आणि मग कळी, तिचं दव, तिचा फिकट पडलेला रंग, रात्री उशीला लागलेले तिचे अश्रू, सगळं आलं. अख्खं चर्च हुंदके देत होतं. आमेन झालं आणि सगळ्यांचे डोळे उघडले ते थेट कळीकडेच.

कळी ताठ बसली होती, रंग लालबुंद.

पुढचे कितीतरी दिवस बायका तिला रस्त्यात धरून मिठ्या मारत होत्या. कोणीतरी ती प्रार्थना फोनवर टिपून घेतली होती, ती घरोघर फिरली. महिन्याभरात लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. आईला फोन करायची, सणासुदीला एखादा दिवस येऊनही जायची, पण चर्चची पायरी तिने पुन्हा चढली नाही आणि वडिलांशी बोलायची ते हवापाण्याचं. डॉक्टर ती प्रार्थना आपली सर्वांत उत्तम समजत. आणि सर्वांत उत्तम प्रार्थनेनंतर लेक का तुटली याचा त्यांना उलगडा होत नसे. तिची आठवण आली की त्यांना जेवण जात नसे, हेही तितकंच खरं.

मग चर्चचा मोठा वाढदिवस आला. शंभर वर्षं झाली होती त्या पांढऱ्या भिंतींना. त्या उपासनेत लांब प्रार्थना डॉक्टरांचीच, हे ठरवायलाही कोणी बसलं नाही. आणि एका संध्याकाळी दवाखान्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, मी येतेय. उपासनेलाही येईन, आईने फार गळ घातलीय."

डॉक्टरांना इतका आनंद झाला की खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडातला कापूस तसाच राहिला.

"पण एक सांगते," ती म्हणाली. "मला प्रार्थनेत घ्यायचं नाही. नाव नाही, इशारा नाही, फूल नाही, पान नाही. घेतलंत तर मी तिथून उठून जाईन आणि परत यायची नाही. घरीसुद्धा."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा, बाबा."

"शब्द देतो," डॉक्टर म्हणाले, आणि तो त्यांनी मनापासून दिला.

आता सगळं सुरळीत व्हायला काय हरकत होती? पण डॉक्टर प्रार्थना रचायला बसले. शंभर वर्षं, पूर्वज, पाया, छप्पर, सगळं ओळीने मांडून झालं आणि मग शेवटाकडे जाताना आपसूक एक वाक्य आलं: "हे प्रभो, वादळात घरट्यातून उडालेलं एक पाखरू आज पुन्हा या छपराखाली विसावलं आहे." डॉक्टरांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. त्यांनी ते लगेच खोडलं. मग ते नसलेली प्रार्थना म्हणून पाहिली, तर ती बिनमिठाची लागायला लागली. त्यांनी पाखरू परत आणलं. पुन्हा हाकललं. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटलेला माणूस, पण ते एक पाखरू काही उपटेना.

बाथरूममध्ये सराव चालायचा. बाहेरून बाई म्हणाल्या, "अहो, ते पाखरू काढा."

"कसलं पाखरू?"

"आत फडफडतंय ते."

"अगं, तो नुसता दाखला आहे! पाखरू म्हणजे काय आपली लेक थोडीच? कोणीही असू शकतं पाखरू."

"दाखला असू दे. पंख तिचेच आहेत." आणि बाई वह्या तपासायला निघून गेल्या.

एवढा सराव केल्याने डॉक्टरांचा जबडा दुखायला लागला. तोंड मोठं उघडलं की कानापाशी कट् असा आवाज यायचा. हेच एखाद्या पेशंटने सांगितलं असतं तर डॉक्टरांनी त्याला दम भरून आठवडाभर बोलणं बंद करायला लावलं असतं. स्वतःच्या जबड्याला मात्र त्यांनी सांगितलं, रविवार होऊन जाऊ दे.

रविवारी चर्च तुडुंब भरलं होतं. लेक आईशेजारी पुढच्या बाकांवर बसली होती, मांडीवर बॅग, गळ्यात निळा स्कार्फ. डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. पाखराचं काय करायचं हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. असं म्हणणाऱ्या माणसाने काय ठरवलेलं असतं ते आपल्याला माहीत आहेच.

"आपण प्रार्थना करू," डॉक्टर म्हणाले. टपाटप डोळे मिटले.

प्रार्थना काय सुरेख चढली! पाया घातला गेला, भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, पूर्वज एकेक करून स्वर्गात गेले. डॉक्टरांनी एक डोळा बारीक उघडला. रुमाल निघाले होते. निवृत्त पोस्टमास्तरांची मान खाली झुकली होती, भक्तीने असणार. आणि एवढ्या मिटलेल्या डोळ्यांत दोनच डोळे टक्क उघडे होते. लेक सरळ त्यांच्याकडे बघत होती.

तिथे थांबायला हवं होतं. आमेन म्हणायला हवं होतं. पण समोर एवढे ओले रुमाल, आवाज असा लागलेला, आणि शेवटाला काहीतरी हवंच. खोटं कशाला बोला, डॉक्टरांनी त्या क्षणी ठरवलं की पाखरू सोडायचं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि "हे" म्हणायला तोंड उघडलं, चांगलं मोठं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

"हेऽऽऽ..."

कट्.

जबडा निखळला. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

कानापासून हनुवटीपर्यंत एक कळ सणकत गेली. डॉक्टरांनी तोंड मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. आवाज काढायचा प्रयत्न केला, तर नुसतं "आ". काय झालंय ते त्यांना लगेच समजलं, असे डझनभर जबडे त्यांनी जागेवर बसवले होते. फक्त त्या प्रत्येक वेळी जबडा दुसऱ्याचा होता.

मंडळी वाट बघत होती. डॉक्टर मोठ्या वाक्याआधी थांबतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज जरा जास्त थांबलेत, म्हणजे वाक्यही तसंच असणार. आमेन झालं नव्हतं, तेव्हा डोळे उघडायचा प्रश्नच नव्हता. आणि आमेन म्हणायचं ते डॉक्टरांनी. अख्खं चर्च एका निखळलेल्या जबड्यात अडकून बसलं.

लेकीने मात्र फक्त ते लांबलेलं "हे" ऐकलं. त्या "हे"मागून काय येतं हे तिला पक्कं माहीत होतं. पुढचं बघायला न थांबता ती उठली. बॅग खांद्याला लावली आणि बाकांमधल्या वाटेने दाराकडे चालायला लागली.

डॉक्टर वर उभे राहून तिची पाठ बघत होते. हाक मारायची सोय नव्हती. लाळ हनुवटीवरून टायवर ओघळत होती. इतकी वर्षं ज्याच्यापुढे दव आणि भरती ओतली, त्याला आता सांगायला त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते. जाऊ नको. देवाला म्हटलं की लेकीला म्हटलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. नुसतं आतून निघालं, जाऊ नको, जाऊ नको.

तेवढ्यात डावीकडून कोणीतरी पुटपुटलं. शिवणकाम करणाऱ्या आजी होत्या. थांबून थांबून कंटाळल्या असाव्यात, त्यांनी आपलं आपण सुरू केलं. "देवा, गुडघा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "देवा, गुडघा." तेवढंच. डॉक्टरांनी कित्येक रविवार "थकल्या पावलांना बळ" मागितलं होतं. त्यातली थकली पावलं कोणाची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आजींचं ऐकून बेकरीवाल्यालाही धीर आला. "बापा, भावाला फोन करायचाय," तो हळूच म्हणाला. "हात होत नाही. तू बघ." मागून कोणीतरी नुसतंच रडत होतं, रुमालाशिवाय. खिडकीपाशी एक काकू हसत देवाला काहीतरी सांगत होत्या, अगदी मैत्रिणीला सांगावं तसं. आणि निवृत्त पोस्टमास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देवा, डॉक्टरांच्या प्रार्थनेत मला दर रविवारी झोप लागते. माफ कर. त्यांना मात्र सांगू नको."

डॉक्टर तोंड वासून ऐकत होते. दुसरं काही करताच येत नव्हतं.

पुटपुट ऐकून लेक दाराशी थबकली. या चर्चमध्ये असला आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तिने वळून पाहिलं. वडील दोन्ही अंगठे स्वतःच्या तोंडात घालून जबडा खाली दाबायची खटपट करत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि कान लालभडक झाले होते. कॉलेजच्या सुट्ट्यांत ती त्यांच्या दवाखान्यात हाताखाली उभी राहायची. जांभई देताना जबडा अडकलेला एक बसचालक तिला लख्ख आठवत होता.

ती झपाझप पुढे आली. वडिलांना दंडाला धरून तिने पायरीवर खाली बसवलं, डोकं मागच्या लाकडी कठड्याला टेकवलं. मग बॅगेतले दोन रुमाल काढून अंगठ्यांना गुंडाळले.

"बाबा, माझ्याकडे बघा," ती कुजबुजली. "मी इथेच आहे. कुठे जात नाही. श्वास हळू सोडा. घाबरायचं नाही, आत्ता सुटेल."

"आ," डॉक्टर म्हणाले.

तिने अंगठे आत मागच्या दाढांवर ठेवले, जोर लावून खाली दाबलं आणि मागे ढकललं. खट्. जबडा जागेवर गेला आणि दात असे फटकन मिटले की तिने अंगठे वेळेवर काढले म्हणून वाचले. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. लेकीने हनुवटी तळव्याने वर दाबून धरली.

"बोलू नका."

पण डॉक्टरांना बोलायचंच होतं. दातांमधून, ओठ न हलवता, ते कसेबसे म्हणाले, "मी... म्हणणार होतो. पाखरू."

"माहितेय. बॅग उगीच नाही उचलली मी."

"चुकलं माझं."

लेकीने गळ्यातला स्कार्फ काढला, वडिलांच्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. गाठ जरा घट्टच बसली, आणि ती चुकून बसली असं म्हणायला वाव नव्हता. मग तिने भोवती पाहिलं. अख्खी मंडळी डोळे मिटून बसलेली. या सगळ्यांना सोडवायचं म्हणजे कोणीतरी तो शब्द उच्चारायला हवा होता.

"आमेन," ती मोठ्याने म्हणाली.

नेहमी आमेन झालं की डोळे खटाखट उघडत. आज बराच वेळ कोणी उघडलेच नाहीत. "थांब गं," शिवणाऱ्या आजी डोळे न उघडताच म्हणाल्या, "माझं व्हायचंय अजून."

उपासना संपल्यावर डॉक्टरांभोवती ही गर्दी झाली. डोक्यावर निळी गाठ बांधलेले डॉक्टर मध्ये बसलेले आणि लोक त्यांचे हात दाबत होते.

"डॉक्टर, आजवरची सगळ्यांत महान प्रार्थना! ते थांबणं! सुचलं तरी कसं?" पोस्टमास्तर म्हणाले.

"त्यांचा जबडा निखळला होता," लेक म्हणाली.

"किती नम्र!" पोस्टमास्तर म्हणाले.

"अहो काका, खरंच निखळला होता. हे बघा, बांधलाय."

"मुलगीही वडिलांसारखीच," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

पाळकसाहेबांना तर भलताच उत्साह आला होता. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा असं मौन धरावं, आजूबाजूच्या मंडळ्यांनाही ऐकायला बोलवावं, असं त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं. ऐकायला बोलवलेल्या लोकांना नक्की काय ऐकवायचं याचा विचार नंतर होणार होता. डॉक्टर जोरजोराने मान हलवून नको म्हणत होते. लोकांना वाटलं, भरून आलंय.

शेवटी बाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. स्वयंपाक व्हायचा होता म्हणून बाई भरभर पुढे गेल्या, बापलेक मागून रमतगमत निघाले. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. डॉक्टर स्कार्फ सांभाळत चालत होते आणि बोलता येत नसल्यामुळे बाजूला बघत होते. लेकीच्या कानामागे एक पांढरा केस दिसत होता. हा कधी आला, त्यांना माहीत नव्हतं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. थोडं.

"मी रोज हेच करते, बाबा. जबडे नाही, लिफ्ट. आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये माणूस अडकला की आतल्या बटणावरून फोन मला येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. म्हणजे खरं तर मी फारसं बोलत नाही. लोकच बोलतात. अंधारात अडकलं की लोक काय काय सांगतात! मी नुसती मध्ये मध्ये म्हणते, मी इथेच आहे."

डॉक्टर चालताना थांबले. लेक काय काम करते हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. तिच्या "दूरदेशीच्या कष्टां"साठी त्यांनी देवाकडे कितीदा तरी बळ मागितलं होतं.

"आणि अजून एक," ती पुढे चालता चालता म्हणाली. "लग्न त्याने नव्हतं मोडलं. मी मोडलं होतं."

डॉक्टरांनी डोळे विस्फारले. तोंडही उघडलं असतं, पण गाठ घट्ट होती.

"चांगला होता बिचारा. पण मला नको होतं ते. मोडलं आणि इतकं हलकं वाटलं की त्या बुधवारी मी आईला घेऊन पिक्चरला गेले. रात्री शांत झोपले. मग रविवारी तुम्ही उभे राहिलात आणि उशी, अश्रू, फिकट रंग... लोक रडत होते, तुम्ही रडत होतात. मी इकडे तिकडे बघत होते की ही मुलगी आहे तरी कोण. तुम्ही एक मुलगी घडवलीत, बाबा, आणि सगळ्यांना तिच्यापुढे रडायला बसवलंत. मी शेजारीच बसले होते."

डॉक्टरांनी तिच्या दंडाला धरलं, दुसऱ्या हाताने हवेत काहीतरी विचारलं. सगळी बोटं उघडून, पुन्हा पुन्हा. तिला अर्थ लागला.

"का नाही सांगितलं? सांगणार होते ना. शनिवारी रात्री आले होते तुमच्या खोलीच्या दाराशी. तुम्ही आत प्रार्थना करत होतात."

ती हे चिडून म्हणाली नाही. हवापाण्याचं बोलावं तसंही म्हणाली नाही. मग तिने त्यांचा हात दंडावरून काढून आपल्या हातात घेतला आणि दोघं चालायला लागली, कारण बाई घराच्या दारात उभ्या राहून दोघांना हाका मारत होत्या.

घरी पोचल्यावर डॉक्टर आपल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. स्वयंपाकघरातून मायलेकींचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. दुसरा कुठला दिवस असता तर त्यांनी आत्ताच्या आत्ता एक प्रार्थना रचली असती, पश्चात्तापाची, आणि ती चांगलीही झाली असती. पण लेकीच्या बाबतीत एवढं चुकलं, जी शेजारच्या खोलीत झोपायची, पानाला पान लावून जेवायची, तर ज्याला एकदाही पाहिलं नाही त्या देवाच्या बाबतीत आपलं काय झालं असेल, या विचाराने त्यांना घाम फुटला. आयुष्यभर मोठ्यामोठ्याने जे कोणी समोर उभं केलं होतं, ते तोच होता की आपणच घडवलेलं आणखी एक काहीतरी?

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही मिटले. एकही विशेषण सुचलं नाही, सुचवलंही नाही.

"तू कसा आहेस?" त्यांनी मनातल्या मनात विचारलं.

आणि आमेन न म्हणता बसून राहिले.